थंडी बाधते, बर्फ मानवतो

संभाजीनगरची छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की मिटमिटा, शरणापूर मागे पडतं आणि पावसाळा सरत आला असेल तर कडेला पाट्या दिसू लागतात. किल्ल्याच्या पायथ्याशी, पुढे खुलताबादच्या वाटेवर, पार वेरूळपर्यंत. पाटीत पाला अंथरलेला आणि त्यावर सीताफळं रचलेली. विकायला बसलेली मावशी फळांवरून नुसती नजर फिरवून सांगते, “हे आज खा, हे उद्या, अन् ह्या बाजूचं परवा.” चौथ्या दिवसाचं फळ तिच्या पाटीत सहसा नसतं. झाडावरून कडक उतरवलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांत पिकतं, एखादा दिवस ऐन भरात असतं आणि मग साल फाटून गळायला लागतं. मोसंबी पंधरवडा काढते, आंबा अढीत आठवडाभर दम धरतो. सीताफळाला एवढी सवड नाही.

संभाजीनगरकरांची दसरा-दिवाळीतली अडचण इथून सुरू होते. वेरूळहून परत येताना भाव बरा मिळाला म्हणून अख्खी पाटी डिकीत टाकली जाते. घरी ती तांदळाच्या डब्यात, वर्तमानपत्रात, माळ्यावर अशी वाटून ठेवली तरी सगळी फळं एकाच दिवशी पिकायची ती पिकतातच. माणशी दोन खाऊन झाली, शेजारी दिली, तरी डझनभर उरतात. मग प्रश्न येतो, ठेवायची कशी?

टिकवण्याचे आपले जे ठरलेले मार्ग आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक मार्ग हे फळ नाकारतं. मुरांबा नाही, लोणचं नाही, जॅम नाही, साधा फ्रीजही नाही. उरतो तो एकच, आणि तो वरकरणी उफराटा वाटतो. ज्या सीताफळाला फ्रीजच्या खालच्या कप्प्यातली थंडी सोसत नाही, त्याचाच गर वरच्या फ्रीझरमध्ये चार-सहा महिने सुखाने राहतो.

आधी ही थंडी का सोसत नाही ते पाहू. घरच्या फ्रीजमध्ये चार ते आठ अंश सेल्सिअस तापमान असतं. त्यात कडक सीताफळ ठेवलं की दोन-तीन दिवसांत साल काळवंडू लागते. बाहेर काढून ठेवलं तरी ते धड पिकत नाही. आत गाठ राहते आणि गोडी भरत नाही. साधारण पंधरा अंशांच्या खाली गेलं की ह्या फळाला शीतबाधा होते. फळ तोडल्यावरही जिवंतच असतं. ते श्वास घेतं, स्वतःची उष्णता तयार करतं, पिष्टाची साखर करतं. त्याच्या प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीच्या आतल्या कप्प्यांभोवती स्निग्ध पदार्थांचं अतिपातळ आवरण असतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांची ही आवरणं उबदार हवेत लवचीक राहतील अशाच बेताची घडलेली असतात. तापमान उतरलं की जानेवारीतल्या साजूक तुपागत ती थिजतात, त्यांना फटी पडतात आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले रस एकमेकांत मिसळतात. एका कप्प्यात तुरट द्रव्यं, दुसरीकडे त्यांना काळं करणारं विकर म्हणजे एन्झाइम. दोघांची गाठ पडली की काळा डाग पडलाच. पिकवण्याची साखळीही मध्येच तुटते.

सफरचंदाचं ह्याच्या अगदी उलट. हिमाचल-काश्मीरच्या थंडीत वाढलेल्या त्या फळाला शून्य-एक अंशाची सवय असते. शीतगृहात तापमान तेवढं ठेवून हवेतला प्राणवायूही कमी केला, तर ते अर्धझोपेत महिनोन्‌महिने राहतं. शहरातल्या जाधववाडीच्या बाजारात एप्रिल-मेमध्येही काश्मिरी सफरचंदाच्या पेट्या उतरतात त्या ह्याच युक्तीवर. घरच्या फ्रीजमध्येसुद्धा ते काही आठवडे बरं राहतं. सीताफळाला अशी झोप येत नाही.

मग शिजवून ठेवावं म्हटलं, तर त्याहून मोठी अडचण. सीताफळाचा गर साठ अंशांच्या आसपास तापला की कडू पडायला लागतो आणि त्याचा वासही बिघडतो. आपल्याकडे सीताफळाची बासुंदी करणारी प्रत्येक बाई हे जाणून असते. दूध आटवून, पूर्ण गार करून मगच त्यात गर घालायचा, आणि पातेलं पुन्हा गॅसवर चढवायचं नाही. पेरूची जेली होते, आवळ्याचा मोरावळा होतो, कैरीचा साखरआंबा होतो, कारण त्यांना आच चालते. वर त्यांत आंबटपणाही असतो. आंबट आणि गोड मिळून जंतूंना रोखतात. सीताफळ नुसतंच गोड. त्याचा सामू म्हणजे पीएच पाचाच्या आसपास असतो, सफरचंदाचा साडेतीन-चारच्या दरम्यान. एवढ्याशा फरकाने मोठं अंतर पडतं, कारण हे मोजमाप एका अंकाला दहापट चालतं. आंबट नसलेलं, न शिजवता बाटलीत बंद केलेलं फळ म्हणजे जंतूंना दिलेलं आवतणच. तेव्हा घरी सीताफळाचा गर बाटलीत भरून कपाटात ठेवण्याच्या भानगडीत कुणी पडू नये.

इथे थोडं आडवळण घेतो, कारण हे फळ आपल्याकडे रुजलं कसं हे पाहिल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. सीताफळ मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या हातून भारतात आलं, हे सर्वसाधारण मान्य मत. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहूत-मथुरेच्या प्राचीन शिल्पांतलं एक फळ सीताफळ म्हणून ओळखलं आणि ते इथलंच असावं असा वाद सुरू झाला. दगडात कोरलेल्या गाठीगाठींच्या फळाला छातीठोकपणे सीताफळ म्हणणं मला अवघडच वाटतं. पण एवढं खरं की मराठवाड्याच्या डोंगरांनी हे झाड आपलं करून टाकलं. कडक उन्हाळ्यात ते पानं गाळून गप्प राहतं, पाऊस पडला की फुटतं. मुरमाड उतार त्याला पुरतो. पाला इतका कडवट की शेळीही तोंड लावत नाही. कुंपणाचा खर्च वाचला. दौलताबाद-खुलताबादच्या टेकड्यांवर आणि बीडकडच्या बालाघाटावर ते कुणी न लावता वाढलं.

आज बागांमधून जास्त दिसतं ते ‘बाळानगर’ वाण. त्याचं गाव तेलंगणातल्या महबूबनगर जिल्ह्यात आहे. म्हणजे निजामाच्या राज्यात औरंगाबाद (आजचं संभाजीनगर) आणि बाळानगर एकाच सरकारखाली होते. अंबाजोगाईला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर-६’ हा वाण तिथला. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी पुढे आणलेलं ‘एनएमके-१ गोल्डन’ आता सगळीकडे पोचलंय: मोठं फळ, बिया कमी, गर जास्त, आणि तोडल्यावर थोडं जास्त दिवस टिकणारं. गर काढून गोठवायचा तर हे वाण सोयीचं, ह्यात शंका नाही. पण डोंगरातल्या लहान, बियाळ फळाचा जो घमघमाट असतो तो मोठ्या फळात कमी सापडतो. वेळ असेल तर दोन्ही मिसळावीत. मोठ्यांचा गर आणि लहानांचा वास.

आता फ्रीझरकडे वळू. पदार्थ गोठवून टिकवणं म्हणजे जंतू मारणं नव्हे, त्यांना थोपवणं. उणे अठरा अंशांवर जंतूंची वाढ थांबते. मरतात थोडे, बाकीचे वाट पाहत बसतात. पाण्याचा बर्फ झाल्यामुळे त्यांना वापरायला पाणी उरत नाही, हे त्यातलं मुख्य. विकरांचं कामही अगदी मंदावतं, थांबत मात्र नाही. ह्या एका वाक्यात पुढची निम्मी कृती दडलेली आहे.

गोठवण्यात खरं महत्त्व वेगाला असतं. हे ज्याच्या ध्यानात आलं आणि ज्याने त्याचा धंदा केला, तो अमेरिकन माणूस म्हणजे क्लॅरेन्स बर्ड्सआय. १९१२ नंतर काही वर्षं तो कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यावर राहिला. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे काढायचे आणि उणे चाळीसच्या हवेत ते बघता बघता टणक व्हायचे. महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागायचे. हळूहळू गोठवलेल्या मांसमच्छीचा मात्र चोथा होई. कारण बर्फाचे स्फटिक. शून्य ते उणे पाच अंशांच्या टप्प्यात पदार्थ जितका रेंगाळेल तितके स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. हा टप्पा झपाट्याने ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात. बर्ड्सआयने थंड धातूच्या पत्र्यांमध्ये पातळ पाकिटं दाबून गोठवायचं यंत्र केलं, आणि १९३० च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेल्या भाज्या, मासे, फळं विकायला आली. आजचे गराचे कारखाने उणे पस्तीस-चाळीसच्या जोरदार वाऱ्यात माल गोठवतात ते ह्याच तत्त्वावर. घरच्या फ्रीझरला तेवढी ताकद नाही. तो गोठवतो हळूच, आणि स्फटिक मोठेच होणार हे धरून चालावं.

स्फटिक मोठे झाल्याने कुणाचं किती बिघडतं, हे फळागणिक वेगळं. सफरचंदाची सगळी मजा त्याच्या कडकपणात. त्याच्या पेशी पाण्याने फुगून एकमेकींवर रेटत असतात, दातांखाली त्या फुटतात तो ‘कट्’ आवाज हेच सफरचंद. शिवाय त्याच्या गरात पाव भागाच्या आसपास नुसती हवा असते. पाण्यात ते तरंगतं ते म्हणूनच. गोठवलं की भिंती फुटतात, आणि वितळल्यावर रस सुटून फोड लिबलिबीत होते. ती ताटात वाढण्याच्या लायकीची राहत नाही. पण शिरा, हलवा, जॅम, केक ह्यांत ती कुठे कडक हवी असते? त्यासाठी सफरचंद जरूर गोठवावं. सोलून, फोडी करून लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवायच्या. शिजवायच्याच असतील तर उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायच्या. पुसून ताटात सुट्या सुट्या मांडून गोठवायच्या आणि कडक झाल्या की पिशवीत भरायच्या, म्हणजे ढेकूळ होत नाही. खाण्याच्या सफरचंदाला मात्र फ्रीजचा खालचा कप्पाच बरा.

सीताफळात मोडायला कडकपणा आहेच कुठे? पिकलेलं सीताफळ म्हणजे आधीच मऊ झालेला, साखरेने भरलेला गर. भिंती फुटल्या काय नि न फुटल्या काय, तो बासुंदीतच जायचा. शीतबाधेचा प्रश्नही उरत नाही, कारण ती होते पिकायचं बाकी असलेल्या जिवंत फळाला. गर काढला म्हणजे त्याचं जगण्याचं आणि पिकण्याचं काम संपलेलं असतं. बिघडायला काही शिल्लक नसतं. त्यात साखर वीस ते पंचवीस टक्के. ती पाण्याला सहजी गोठू देत नाही. गर गोठायला लागतो तो उणे दोन-तीन अंशांच्या आसपास, आणि उणे अठरालाही त्यातलं थोडं पाणी साखरेच्या दाट पाकासारखं न गोठता राहतं. म्हणून गोठलेल्या सीताफळाच्या वडीत सुरी शिरते, बर्फाच्या खड्यात शिरत नाही. सीताफळाचं आइस्क्रीम इतकं जमून येतं ह्यालाही हेच कारण. जुहूला १९८४ साली रघुनंदन कामत यांनी सुरू केलेल्या ‘नॅचरल्स’ने सीताफळाचं आइस्क्रीम नावारूपाला आणलं. पुढे गराला बारमाही गिऱ्हाईक मिळालं आणि बी काढून गोठवलेला गर हा स्वतंत्र धंदाच झाला.

शत्रू एकच उरतो, तपकिरी रंग. कापलेलं सफरचंद किंवा वांगं लाल पडतं, तीच ही क्रिया. गरातली फिनॉल नावाची तुरट द्रव्यं, त्यांना बदलणारं तांबं धारण करणारं विकर, आणि हवेतला प्राणवायू. तिघं एकत्र आले की रंग गेला. सफरचंदात ह्या विकराला दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून कायमचं निकामी करता येतं. सीताफळाला ती सोय नाही, कारण आच लागली की कडू. तेव्हा तिघांपैकी दोघांना अडवायचं: हवा लागू द्यायची नाही आणि विकराला आंबटाने दाबून ठेवायचं. लिंबाच्या रसातलं सायट्रिक आम्ल त्या विकराला नकोसं होतं, आणि त्यातलं क जीवनसत्त्व काळं पडू लागलेल्या द्रव्यांना पुन्हा मागे ओढतं. किलोभर गराला एक-दोन छोटे चमचे लिंबाचा रस पुरतो. जास्त पिळला तर सीताफळाचा वास दबतो, आणि पुढे दुधात घातल्यावर दूध फाटायची भीती. क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या गोळ्या ठेचून घालण्याचा सल्ला कुणी दिला तर गोळीचा रंग आधी बघावा. संत्र्याच्या रंगाचं आणि चवीचं सीताफळ कुणाला नको असतं.

प्रत्यक्ष कामाला बसायचं ते फळ नेमकं पिकलं त्या दिवशी. फळ घेतानाच त्याचे डोळे पाहावेत. खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पिवळसर पांढऱ्या दिसू लागल्या, म्हणजे डोळे पडले, की ते फळ झाडावर पुरतं तयार झालेलं. डोळे न पडलेलं हिरवं फळ घरी मऊ होतं, पण गोड होत नाही. त्याला फ्रीझरमध्ये जागा देणं म्हणजे वीज फुकट घालवणं. पिकलेलं फळ अंगठ्याने हलकेच दाबलं की दबतं आणि देठाजवळ वास येतो. फाटलेलं, आंबूस वासाचं फळ त्यात मिसळायचं नाही, कारण फ्रीझर बिघडलेलं सुधारत नाही.

फळं धुऊन पुसून घ्यावीत, हात आणि भांडी स्वच्छ. जंतूंना फक्त थोपवायचंय हे वर आलंच आहे, तेव्हा सुरुवातीला जितके कमी जातील तितकं चांगलं. फळ हातानेच दोन भागांत उकललं की चमच्याने गर काढायचा, पण सालीला खरवडायचं नाही. सालीलगतचा पाव-अर्धा सेंटिमीटरचा थर रवाळ असतो. तिथल्या काही पेशींच्या भिंती जाड आणि लाकडी झालेल्या असतात, पेरूत दाताखाली येते तशी ती कचकच. तो थर गरात आला की रंगही लवकर उतरतो आणि गोठून वितळल्यावर कचकच अधिकच जाणवते. लोभ टाळावा. किलोभर फळातून तीन-साडेतीनशे, फार तर चारशे ग्रॅम गर हाती लागतो. बाकी साल आणि बिया. हा हिशेब आधीच मनात असला की शेवटी पातेलं बघून जीव खट्टू होत नाही.

बिया काढणं हे ह्यातलं खरं मनगटाचं काम. प्रत्येक बीभोवती गराची पिशवी घट्ट बसलेली असते. स्टीलची मोठ्या भोकांची चाळण घ्यायची, पुरणाची असते ती उत्तम, आणि तिच्यात थोडा थोडा गर घेऊन वाटीच्या बुडाने गोल गोल फिरवायचं. जोर लावायचा नाही, नुसतं घोळवत राहायचं. पिशव्या फुटतात, पांढरा दाट गर खाली उतरतो, आणि वर काळ्याभोर चकचकीत बिया राहतात. चाळण भरली की बिया काढून टाकायच्या आणि पुन्हा पुढचा घाणा. लाकडी रवीने पातेल्यातच हलकं घुसळूनही बिया सुटतात. काहीजणींना तेच सोपं जातं. मिक्सर मात्र अजिबात नको. पातं बीवर बसलं की बी चिरडते, गर कडू होतो, आणि बीतली द्रव्यं पोटात जाण्यासारखी नाहीत. उवांवर सीताफळाच्या बियांची पूड लावायचा जुना प्रघात आपल्याकडे होता, अजूनही कुठे कुठे आहे. ती पूड डोळ्यांत जाऊन बुबुळाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. बिया आठवणीने कचऱ्यात टाकाव्यात, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पितळी, लोखंडी भांडीही बाजूला ठेवावीत. तांबं आणि लोखंड दोन्ही रंग बिघडवण्याला हातभार लावतात.

गर पडायला लागल्यापासून घड्याळ सुरू होतं, म्हणून अर्ध्या किलोच्या वर गर एकदम साठू देऊ नये. जेवढा झाला त्यात लिंबाचा रस आणि हवी तर किलोला पन्नास ते शंभर ग्रॅम पिठीसाखर मिसळून तो लगेच पिशवीत भरावा. साखर केवळ गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते, स्फटिक आटोक्यात ठेवते आणि हवेला थोडी आड येते. घरात मधुमेही माणूस असेल तर बिनसाखरेची पाकिटं वेगळी करून त्यांवर तसं लिहावं. झिपची जाड पिशवी घ्यावी, एका वेळेला लागेल तेवढाच, वाटी-दोन वाट्या गर घालावा, पिशवी आडवी करून तळव्याने पसरावी आणि कोपऱ्यातून हवा दाबून काढून तोंड बंद करावं. पाकीट पातळ, सपाट, बोटभर जाडीचंच हवं. जाडी निम्मी केली की गोठायला लागणारा वेळ निम्म्याहूनही बराच खाली येतो, कारण थंडीला आतपर्यंत पोचायला अंतर कमी आणि वरचा पृष्ठभाग जास्त. बर्ड्सआयने पत्र्यांमध्ये पातळ पाकिटं दाबली ती ह्याचसाठी. डब्यात भरायचं तर वर बोटभर जागा सोडावी. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि काठोकाठ भरलेलं झाकण उचकटतं.

पाकिटं पहिल्या रात्री फ्रीझरच्या पत्र्याला चिकटून एकेरी मांडावीत. एकावर एक रचली तर मधलं पाकीट सकाळपर्यंत मऊच. एकदम दहा किलोंचा घाट घालणाऱ्यांचं हेच चुकतं. फ्रीझर बिचारा तापतो आणि सगळाच माल हळूहळू गोठतो. एका रात्री दोन-अडीच किलो पुष्कळ. कडक झाल्यावर पाकिटं पुस्तकांगत उभी लावावीत आणि तारीख लिहावी. दाराच्या कप्प्यात ठेवू नयेत, तिथे दर वेळी गरम हवा लागते.

हल्लीच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा एक छुपा जाच आहे. त्यात बर्फ साचत नाही, कारण आतला हीटर अधूनमधून चालू होऊन तो वितळवतो. त्यामुळे तापमान थोडं वर जातं, पुन्हा खाली येतं. प्रत्येक खेपेला बारीक स्फटिक विरतात आणि मोठ्यांवर जाऊन बसतात. वर कोरडी वाहती हवा पिशवीतल्या फटीतून गराचं पाणी ओढते. बर्फाची थेट वाफ होते आणि गराच्या कडेला कोरडा, फिकट, चामट पट्टा दिसतो. तो विषारी वगैरे नसतो, बेचव असतो. हवा काढलेली घट्ट पिशवी हाच त्यावर इलाज. जुन्या पद्धतीचा, बर्फ साचणारा फ्रीझर ह्या बाबतीत खरं तर उजवा.

आणि वीज. मराठवाड्यात उन्हाळ्यात ती कधी जाईल आणि किती वेळ जाईल हे गृहीत धरूनच बेत करावा. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दिवसभर तग धरतो, अर्धा रिकामा असेल तर त्याच्या निम्माच. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जावं. परत आल्यावर नाणं वरच असलं तर काही बिघडलं नाही. नाणं बर्फाच्या तळाशी रुतलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. मग कितीही जीव तुटला तरी ती पाकिटं टाकावीत. आंबट नसलेला गोड गर उबदार होऊन किती तास पडून होता, हे चवीवरून ओळखण्याचा प्रयोग घरच्यांवर करू नये.

वापरताना पाकीट आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवावं. ओट्यावर काढून ठेवलं की कडा वितळून काळवंडतात आणि मध्य अजून दगड असतो. विकर मेलेलं नाही, थोपलेलं होतं; आता पेशी फुटलेल्या, रस मोकळा, वर ऊब, म्हणजे त्याला रान मोकळं. ताजा गर तासाभरात जेवढा रंग बदलेल त्याहून वितळलेला लवकर बदलतो. म्हणून पूर्ण वितळायची वाट न पाहता अर्धवट गोठलेलाच गर फोडून गार बासुंदीत सोडावा. तिथे दूध त्याला झाकून घेतं. बासुंदी पूर्ण गार हवी, कोमटही नको. मिल्कशेकला तर पाकिटातून थेट तुकडा मोडून घ्यावा, बर्फ वेगळा घालायची गरज पडत नाही. बिया निघालेल्या असल्यामुळे आता मिक्सर चालतो. एकदा वितळलेलं पाकीट पुन्हा वर ठेवू नये. उरलंच तर त्याच दिवशी दह्यात घालून संपवावं.

चार ते सहा महिने ही गराची खरी मुदत. त्यानंतर तो खराब होतो असं नाही, पण वास मंदावतो, आणि सीताफळातून वास काढला तर नुसती साखर उरते. दिवाळीत भरलेली पाकिटं संक्रांतीला, होळीला निघतात, शेवटची अक्षय्य तृतीयेच्या आत संपवावीत. एकदा केशर आंब्याचा रस सुरू झाला की सीताफळाच्या बासुंदीकडे कुणी बघत नाही, आणि फ्रीझरमधली तीच जागा आमरसाच्या डब्यांना लागते.